दोनशे सातमधले गेस्ट

मॅनेजर : पुन्हा पहिल्यापासून. समज, मी तपासणीचा साहेब. बारा वाजलेत, तू माझ्यासमोर बसली आहेस. आता सांग, काल आग लागली तेव्हा दोनशे सातमध्ये कोण होतं?

रिसेप्शनिस्ट : कोणी नव्हतं.

मॅनेजर : घ्या. पहिल्याच चेंडूला दांडी गुल.

रिसेप्शनिस्ट : मग काय म्हणू सर? ती खोली दोन महिने बंद आहे. एसी बिघडलाय, घंटा वाजत नाही, दाराला कार्ड लागत नाही. बंद ठेवा म्हणून तुम्हीच सही केलीत.

मॅनेजर : मी माझी सही विचारली नाही. साहेब विचारणार, खोली बंद होती, तर यादीत त्या खोलीसमोर गेस्टचं नाव कुठून आलं?

रिसेप्शनिस्ट : मी टाकलं.

मॅनेजर : "मी टाकलं" म्हणे! भाजीत मीठ टाकल्यासारखं. असं बोललीस तर साहेब पुढचा प्रश्नच विचारणार नाहीत, थेट सहीला कागद पुढे करतील. आणि कोपर उचल आधी. काउंटरला काजळी आहे, बाही बघ तुझी.

रिसेप्शनिस्ट : राहू दे. सगळंच काळं झालंय.

मॅनेजर : पहाटेपासून पुसतायत बायका. गालिचा नुसता दाबला तरी पाणी वर येतं. वास तर महिनाभर जायचा नाही. असो. कोण होता हा गेस्ट?

रिसेप्शनिस्ट : पेपरवाले आजोबा.

मॅनेजर : साहेबांना पेपरवाले आजोबा कळणार आहेत का?

रिसेप्शनिस्ट : मग सविस्तर सांगते. रोज दुपारी तीनला येतात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, लॉबीतले दोन्ही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पाचला जातात. मागच्या गल्लीत राहतात. एकच खोली आहे, आणि तीन ते पाच सून तिथे शिकवण्या घेते. बारा मुलं बसली की आजोबांना भिंतीला टेकायलाही जागा उरत नाही. म्हणून इथे येतात.

मॅनेजर : आपण धर्मशाळा काढली आहे का, असं विचारतील.

रिसेप्शनिस्ट : सात वर्षं येतायत. कोणी कधी विचारलं नाही. दारावर मामा असायचे. मामा म्हणायचे, "या, बसा." की बसायचे. विचारायची वेळ आली ती हे मशीन आल्यापासून.

मॅनेजर : माझ्याकडे बघून बोलू नकोस. मशीन मी घरून नाही आणलं. मालकांनी आणलं.

रिसेप्शनिस्ट : दाराच्या आत पाऊल ठेवणारा प्रत्येक माणूस चारांपैकी एका शब्दात बसला पाहिजे. गेस्ट, व्हिजिटर, कस्टमर, क्लायंट. नाही बसला तर बाहेर.

मॅनेजर : त्याचं रीतसर ट्रेनिंग दिलं होतं.

रिसेप्शनिस्ट : अर्धा दिवस. टाय लावलेले गृहस्थ आले होते. राहतो तो गेस्ट, भेटायला येतो तो व्हिजिटर, जेवतो तो कस्टमर, ज्याचं बुकिंग कंपनी करते तो क्लायंट. आपल्या आचाऱ्यानं हात वर केला. म्हणाला, जो जेवतो, झोपतो आणि जायचं नाव काढत नाही, तो कोण? तर मागच्या रांगेतून मामा म्हणाले, तुझा मेहुणा.

मॅनेजर : हसलो होतो मी. टायवालाही हसला. त्याला मराठी येत नव्हती तरी हसला.

रिसेप्शनिस्ट : हो.

मॅनेजर : हं. मग आजोबांना व्हिजिटर का नाही लिहिलंस? सरळ शब्द होता. आला, बसला, गेला.

रिसेप्शनिस्ट : पहिल्या दिवशी तोच लिहिला. तर मशीन विचारतं, कोणाला भेटायचंय? खोलीचा नंबर द्या. मी एकशे तीन दिला. एकशे तीनमधल्या बाईंना मेसेज गेला, अमुक अमुक गृहस्थ तुम्हाला भेटायला खाली थांबलेत. बाई घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या. म्हणाल्या, मी ह्यांना ओळखत नाही. आजोबा पेपर बाजूला ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, मीही नाही.

मॅनेजर : हे मला कोणी सांगितलं नाही.

रिसेप्शनिस्ट : तुम्ही रजेवर होतात. शिवाय व्हिजिटर अर्ध्या तासाच्या वर बसला की स्क्रीन लाल होतो आणि दारावरच्या माणसानं त्याला बाहेर पोचवायचं. म्हणजे मामांनी. मामा आजोबांना दंडाला धरून बाहेर काढणार? कस्टमर लिहावं तर बिलाचा नंबर लागतो. रोज बिल कुठून आणतील ते? क्लायंटला कंपनीचं नाव लागतं. गेस्टला मात्र खोलीचा नंबर आणि ओळखपत्र, एवढंच. म्हणून गेस्ट.

मॅनेजर : आणि खोली मुद्दाम बंद असलेली.

रिसेप्शनिस्ट : चालू खोली अडवली असती तर खऱ्या माणसाला मिळाली नसती. मी तुम्हाला विचारलं होतं सर. तुम्ही फोनवर होतात. हात असा केलात आणि म्हणालात, चारांतला कुठलाही एक टाक आणि मोकळी हो. पासवर्डही एका चिटोऱ्यावर लिहून दिलात.

मॅनेजर : हात असा केला, हे साहेबांना सांगायचं नाही.

रिसेप्शनिस्ट : आजोबांनाही विचारलं मी. तुम्हाला काय लिहू? ते म्हणाले, गेस्ट लिही, वाचायला बरं वाटतं. त्या नोंदीची चिठ्ठी निघते ना, वर "डिअर गेस्ट" छापलेली, ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचे. रोज.

मॅनेजर : बरं, आत आला, गेस्ट झाला. गेल्यावर नाव काढायला काय झालं होतं?

रिसेप्शनिस्ट : गेस्टचं नाव काढायचं तर किल्ली जमा करावी लागते. जी दिलीच नाही ती जमा कशी करू? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या मी तुमच्या पासवर्डनं अख्खी नोंदच रद्द करायचे. दोन महिने हेच चाललंय. काल चारला माझी पाळी संपली. शिकवणीला सुट्टी होती, तरी आजोबा सवयीनं आले होते. म्हणाले, आज घर मोकळं आहे, जाऊन जरा पडतो. आम्ही दोघं बरोबरच बाहेर पडलो. मामांनी दार उघडलं.

मॅनेजर : चार वाजता.

रिसेप्शनिस्ट : चार वाजता. चार वीसला दुसऱ्या मजल्यावरच्या लाँड्रीत ड्रायर पेटला.

मॅनेजर : आणि मशीननं यादी छापली.

रिसेप्शनिस्ट : आगीची घंटा झाली की आपोआप छापतं. फक्त गेस्टची. व्हिजिटरचे पास मामांच्या फळीवर असतात, ते त्यांनी निघतानाच मोजले. तीन दिले होते, तिन्ही परत आले होते.

मॅनेजर : पार्किंगमध्ये चारच्या पाळीवालीनं यादी वाचली. एकतीस नावं. तीस हजर.

रिसेप्शनिस्ट : राहिलं ते दोनशे सात. आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. इथे ते नाव फक्त मला माहीत होतं, कारण ओळखपत्र मी बघितलंय. बाकी सगळ्यांना ते पेपरवाले आजोबा. मामांनासुद्धा. तिनं नाव मोठ्यानं पुकारलं, कोणी ओ दिली नाही. ती म्हणाली, मामा, दोनशे सात तर बंद आहे ना? मामांनी कागद हातात घेतला. म्हणाले, यादीत आहे म्हणजे कोणाला तरी नड म्हणून उघडून दिली असेल. तिथली घंटा वाजत नाही, त्या बिचाऱ्याला कळलंच नसेल. आणि सुटले.

मॅनेजर : मला काय सांगतेस? मी तिथेच होतो.

रिसेप्शनिस्ट : अडवलं नाहीत?

मॅनेजर : मी मोजत होतो. दुसऱ्यांदा. मान वर केली तेव्हा मामा जिन्यात होते.

रिसेप्शनिस्ट : तिनं मला चार फोन केले. दोनशे सातमध्ये कोण आहे, एवढंच विचारायला. मी बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपले होते. फोन पर्समध्ये.

मॅनेजर : हे तर अजिबात कुठे बोलू नकोस.

रिसेप्शनिस्ट : का? खरं आहे.

मॅनेजर : म्हणूनच. आता नीट ऐक. हा फॉर्म साहेब यायच्या आत भरून हवा. सगळं मी भरलंय. हा शेवटचा रकाना, "व्यक्ती कोण". खाली तेच चार शब्द. एकावर टिचकी मारल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि नोंद तुझी म्हणून टिचकीही तुझ्याच नावानं पडणार. मालक म्हणतात, व्हिजिटर.

रिसेप्शनिस्ट : म्हणतात म्हणजे?

मॅनेजर : सकाळी सहाला फोन करून म्हणाले. मूळ नोंद मी बदलतो. व्हिजिटर, आत तीन, बाहेर चार. खोली बिली काही नाही. दोनशे सातची भानगडच राहत नाही. तुझी नोकरी राहते, माझी राहते, हॉटेलचा परवाना राहतो.

रिसेप्शनिस्ट : आणि मामा?

मॅनेजर : मामांचं काय?

रिसेप्शनिस्ट : व्हिजिटर लॉबीच्या पुढे जात नाही. मग मामा दुसऱ्या मजल्यावर कोणाला शोधत होते?

मॅनेजर : अशा वेळी माणूस गडबडतो.

रिसेप्शनिस्ट : नियम तुमच्या डोक्याच्या मागेच चिकटवलाय. घंटा झाल्यावर कर्मचाऱ्यानं वर जायचं नाही, यादीतला गेस्ट राहिला असेल तरच जायचं. व्हिजिटर लिहिलं की मामा नियम मोडून आपल्या मनानं वर गेले. वर अर्ध्या तासाच्या पुढे बसलेल्या व्हिजिटरला बाहेर पोचवायचं काम मामांचं. तासभर बसू दिलं, म्हणजे तीही चूक त्यांचीच.

मॅनेजर : तू चुकीच्या धंद्यात आलीस. वकील व्हायचं होतंस.

रिसेप्शनिस्ट : आणि हॉस्पिटलला हवंय ते पत्र? कामावर असताना, कामासाठी भाजले, असं लिहून देणार होतात तुम्ही मामींना.

मॅनेजर : मग ते देता येणार नाही.

रिसेप्शनिस्ट : तेच विचारत होते.

मॅनेजर : आणि गेस्ट लिहिलंस तर काय होतं, ते पण ऐक. बंद खोलीत खोटा गेस्ट, एक दिवस नाही, दोन महिने. नोकरी जाईलच, ते सोड. खोट्या नोंदीपायी माणूस भाजला, हे तुझ्या नावावर लागेल. उद्या कुठल्या लॉजमध्येही तुला काउंटरला उभं करणार नाहीत. मग ते मामा जगोत की...

रिसेप्शनिस्ट : पुढचं बोलू नका.

मॅनेजर : नाही बोलत.

रिसेप्शनिस्ट : नोंद खोटी होतीच ना सर.

मॅनेजर : म्हाताऱ्याला बसायला जागा हवी म्हणून होती!

रिसेप्शनिस्ट : तसं लिहायला रकाना नाही.

मॅनेजर : कस्टमर करू या का? चहा घेतला असं दाखवू.

रिसेप्शनिस्ट : बिल?

मॅनेजर : क्लायंट?

रिसेप्शनिस्ट : सर.

मॅनेजर : अगं, मी आपलं चाचपडतोय. कुठेतरी फट असेल. चौदा वर्षं मी दुसरं केलंय काय? एकही खोली रिकामी नसताना अख्ख्या क्रिकेट टीम बसवल्या ह्या हॉटेलात. जिन्याखालच्या कोठीत एकदा डॉक्टर झोपवलाय. आणि एका म्हाताऱ्याला दोन तास बसवायला जागा सापडत नाही मला.

(मागच्या दारानं मामी येतात. हातात दवाखान्याची प्लास्टिकची पिशवी.)

मामी : पुढचं दार बंद होतं गं पोरी. दोरी बांधलीय. म्हणून स्वयंपाकघरातनं आले.

रिसेप्शनिस्ट : मामी! या. थांबा, खुर्ची पुसते.

मामी : नको पुसू. कालचेच कपडे आहेत अंगावर. शाळेत जाऊन रजा टाकून आले, मोठ्या बाईंना सांगितलं की आठवडाभर पाण्याच्या टाकीचं दुसऱ्या मावशीकडे द्या. आता परत दवाखान्यात जायचंय. साहेब, पत्राचं काय झालं?

मॅनेजर : होतंय मामी. त्याचंच बघतोय. मामा कसे आहेत?

मामी : आहेत. घशात नळी घातलीय. खांदा निखळलाय. हात भाजलेत, डावा फार. उजव्याची दोन बोटं तेवढी बाहेर ठेवलीत, त्यात पेन्सिल धरून देतात. डॉक्टर म्हणाले, एवढा आठवडा काढू दे, मग पुढचं बोलू.

रिसेप्शनिस्ट : लिहितायत?

मामी : सकाळपासून एकच लिहितात. दोन, शून्य, सात. मला वाटलं औषधाचं काहीतरी. नर्सबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, खाट तर बारा नंबरची आहे. मग माझ्या डोक्यात आलं. कानाशी जाऊन विचारलं, कामावरची खोली आहे का? तर डोळ्यांनी हो म्हणाले. लगेच पुन्हा दोन, शून्य, सात. पुढे प्रश्नाचं चिन्ह काढलं, वेडंवाकडं. तेच विचारायला आले मी मुळात. पत्र काय, नंतर दिलं तरी चालेल. त्या खोलीतला माणूस वाचला का?

मॅनेजर : वाचला. अगदी सुखरूप आहे.

मामी : हुश्श. रस्ताभर धाकधूक होती बघा. वाटलं, ह्यांनी एवढं केलं आणि तो तिकडे... कोण होता बिचारा?

मॅनेजर : होता एक गेस्ट.

रिसेप्शनिस्ट : सर.

मॅनेजर : मामींना घाई आहे.

मामी : एवढी नाही घाई. हे बघ, ह्यांच्या खिशात हा कागद होता. दवाखान्यात कपडे कापून काढले, ते ह्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. सगळा भिजलाय. मला इंग्रजी येत नाही, पण हे दोनशे सात दिसतंय. त्याच्यापुढे काय आहे, वाच गं. नाव सांगते ह्यांना, म्हणजे खात्री पटेल.

रिसेप्शनिस्ट : खोलीचा नंबर. मग नाव. मग गेस्ट.

मॅनेजर : तो कागद राहू दे इथे मामी. रेकॉर्डला लागेल.

रिसेप्शनिस्ट : मामी, हा कागद कोणाला देऊ नका. सरांनासुद्धा नाही. घडी करा आणि पर्समध्ये ठेवा. तपासणीचे साहेब दवाखान्यात येतील, त्यांनाच दाखवा. त्यांनी मागितला तर म्हणा, फोटो काढून घ्या.

मॅनेजर : तू काय करतेयस, कळतंय का तुला?

रिसेप्शनिस्ट : मशीनमध्ये काय हवं ते बदला सर. मामांच्या हातात हा शब्द होता.

मामी : तुम्ही दोघं भांडताय का? माझ्यासमोर भांडू नका बाई, मला आज कोणाचा आवाज सोसत नाही.

रिसेप्शनिस्ट : मामी, मला तुम्हाला एक सांगायचंय.

मॅनेजर : आत्ता नको. डोळ्याला डोळा लागला नाही त्या बाईचा.

रिसेप्शनिस्ट : नंतर सांगायचं धाडस राहणार नाही माझ्यात. मामी, त्या खोलीत कोणी नव्हतं.

मामी : आधीच बाहेर पडला होता, असं ना? साहेब म्हणाले तेच.

रिसेप्शनिस्ट : आत कोणी गेलंच नव्हतं. यादीतलं नाव पेपरवाल्या आजोबांचं आहे.

मामी : खिडकीत बसतात ते? त्यांचं काय? रोज घरी आले की ह्यांचं सुरू असतं. आज आजोबांनी अख्खं कोडं सोडवलं, आज आजोबांना सर्दी झालीय.

रिसेप्शनिस्ट : तेच आजोबा. मशीनमध्ये नाव असल्याशिवाय लॉबीत कोणाला बसू देता येत नाही, म्हणून मी त्यांचं नाव त्या बंद खोलीत घालून ठेवायचे. मामाच म्हणाले होते, लिही गं काहीतरी, बसू दे म्हाताऱ्याला. मी म्हटलं, लिहिलं मामा. काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. काल आजोबा माझ्याबरोबर चारला बाहेर पडले. मामांनीच दार उघडलं आम्हाला.

मामी : म्हणजे ह्यांनी त्यांना जाताना बघितलं.

रिसेप्शनिस्ट : हो.

मामी : आणि वीस मिनिटांनी त्यांनाच शोधायला वर गेले.

रिसेप्शनिस्ट : कागदावरचं नाव ओळखीचं नव्हतं ना.

मामी : मला तरी कुठे माहीत होतं. सात वर्षं ऐकतेय त्या आजोबांचं.

मॅनेजर : मामी, पाणी घेता का थोडं?

मामी : दार तोडलं म्हणे त्यांनी.

मॅनेजर : हो. खांद्यानं. कार्ड लागत नव्हतं.

मामी : सापडले कुठे?

मॅनेजर : कशाला हवंय ते आता?

मामी : सांगा हो. कालपासून मला कोणी काही धड सांगत नाही. बाहेर बसा, एवढंच सांगतात.

मॅनेजर : बाथरूममध्ये. टबाच्या पडद्यापाशी.

मामी : म्हणजे पलंगाखाली बघून झालं असणार. कपाटही. ते तसेच आहेत. घरात किल्ली हरवली तर पिठाच्या डब्यात हात घालून बघतात, मी ओरडेपर्यंत. किती वेळ शोधत होते?

मॅनेजर : बंबवाल्यांनी आठ मिनिटं लिहिलीत.

मामी : आठ.

मॅनेजर : खाली ऐकू येत होतं. नाव घेऊन हाका मारत होते. शेवटी शेवटी नुसतं "अहो, अहो" म्हणत होते.

मामी : असू दे. पुरे.

रिसेप्शनिस्ट : मामी, मला काय बोलायचं ते बोला. मारलंत तरी चालेल.

मामी : काय बोलू? म्हाताऱ्याला बसायला दिलंस. ह्यांनीच दे म्हणून सांगितलं. मग काय ह्यांना बोलू, त्या नळीशी? आजोबांना बोलू? रागावायला तरी कोणी असावं की नाही माणसाला? तुमचा तो मशीनवाला कुठे राहतो?

मॅनेजर : दुसऱ्या देशात. ऑफिस नुसतं फोनवर आहे. एक दाबा, दोन दाबा.

मामी : बघा.

रिसेप्शनिस्ट : मामी, सरांना ह्या फॉर्मात आजोबा कोण ते लिहायचंय. मालक म्हणतात, व्हिजिटर लिहा. ते लिहिलं तर मामा विनाकारण वर गेले, असं होतं, आणि पत्र मिळत नाही.

मॅनेजर : आणि गेस्ट लिहिलं तर ही पोरगी जाते. तेही सांग की. अर्धंच सांगतेस.

मामी : तू जातेस म्हणजे?

रिसेप्शनिस्ट : नोकरीवरून. पुढे चौकशीही होईल.

मामी : आणि तिसरं काही नाही?

मॅनेजर : सकाळपासून तिसरंच शोधतोय मामी.

मामी : मला विचारू नका बाई. मी काय सांगणार? तू जा म्हणून सांगू, का ह्यांना खोटं पाडा म्हणून सांगू?

रिसेप्शनिस्ट : तुम्हाला नाही विचारत.

मॅनेजर : थांब. हात काढ माउसवरून.

रिसेप्शनिस्ट : मारली सर टिचकी. गेस्ट.

मॅनेजर : मारलीस.

रिसेप्शनिस्ट : पुढचं पान उघडलं बघा.

मॅनेजर : तुला माहीत आहे, बाराच्या आत हे मला बदलता येतं. हा फोन तिसऱ्यांदा थरथरतोय माझ्या खिशात. मालक आहेत. काय झालं विचारतील, तर काय सांगू मी?

रिसेप्शनिस्ट : हात असा करा.

मॅनेजर : बोल, बोल. आज तुझा दिवस आहे. मी बाहेर जाऊन फोन घेतो. बदलणार नाही असं वचन मी तुला देत नाही. दिलं तर पाळता येईल की नाही, मला खरंच ठाऊक नाही. दोन मुलं आहेत मला, आणि तो माणूस फोनवर फार गोड बोलतो.

रिसेप्शनिस्ट : मग पत्र?

मॅनेजर : लेटरहेड काढ. खालच्या खणात. हां. हे घे, कोऱ्यावरच सही करतो. शिक्का मार. कामावर असताना, कामासाठी, जे काय लिहायचं ते वर लिही. आत्ता सही होतेय माझ्या हातून, फोन घेतल्यावर होईल का सांगता येत नाही. मामी, येतो.

मामी : साहेब, तोंड धुवा जाताना. कपाळाला काळं लागलंय.

मॅनेजर : असू द्या. कुठे कोणाला दिसतंय?

रिसेप्शनिस्ट : मामी, हे पत्र लगेच टाइप करते. पाच मिनिटं बसा.

मामी : बसते. पोरी, ते बदलतील का गं?

रिसेप्शनिस्ट : बहुतेक.

मामी : मग तू कशाला उगाच...

रिसेप्शनिस्ट : कागद आहे ना तुमच्याकडे. तो नाही बदलता येत त्यांना. साहेबांनी विचारलं तर मी पण तेच सांगणार आहे.

मामी : साहेब तुझं ऐकतील?

रिसेप्शनिस्ट : माहीत नाही.

मामी : मला एक सांग, ह्यांना काय सांगू मी? आत पाय ठेवला की डोळे माझ्याकडेच लागलेले असतील.

रिसेप्शनिस्ट : माझ्यासाठी खोटं बोलू नका.

मामी : तुझा विचारच नाही माझ्या डोक्यात. अजून आठवडा काढायचाय त्यांना. खोली रिकामी होती, हे आज सांगितलं तर तो कशाच्या जोरावर काढतील?

रिसेप्शनिस्ट : नंतर तरी कळेलच.

मामी : नळी काढल्यावर कळू दे. मला शिव्या देऊ देत. देता आल्या तर बरंच आहे. आजोबा कुठे असतात आता?

रिसेप्शनिस्ट : घरी. आगीचं ऐकलं असेल त्यांनी. मामांचं अजून कोणी सांगितलं नाही त्यांना.

मामी : धडधाकट आहेत ना?

रिसेप्शनिस्ट : आहेत.

मामी : मग एक कोरा कागद घे आणि मला लिहून दे. माझं अक्षर त्यांना लागत नाही, नेहमी हसतात. लिही, दोनशे सातवाले बाहेर आहेत. सुखरूप आहेत.

रिसेप्शनिस्ट : एवढंच?

मामी : एवढंच. ते काही खोटं नाही. आणि अक्षर मोठं काढ हं. चष्मा वरच राहिलाय त्यांचा.